पथकाला मोठं माणूस हवं

सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला आपण झेंडावंदनाला शाळेत जातो. गळ्यात स्कार्फ बांधलेली स्काऊट-गाईडची मुलं रांगेत चालतात. आपण आपली पोर कुठे आहे ते शोधतो, तिचा पाय चुकत नाही ना ते बघतो. त्या रांगेच्या कडेला एक बाई उभी असते. तिच्याही गळ्यात तसाच स्कार्फ असतो. ती गाईड कॅप्टन. मुलांच्या पथकात स्काऊट मास्तर असतो, अगदी लहान मुलांच्या पथकाला कब मास्टर आणि लहान मुलींच्या पथकाला फ्लॉक लीडर म्हणतात. टाळ्या वाजवताना त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

मी बचत गटांचं काम बघते, त्यामुळे कुठलीही संस्था दिसली की माझ्या डोक्यात ठरलेले तीन प्रश्न येतात. हे काम करायला माणूस येतो कुठून? त्याला शिकवतं कोण? आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं? स्काऊट-गाईडची चळवळ शंभर वर्षांहून जुनी आहे. जगभर ती मुख्यतः बिनपगारी माणसांनी चालवली. म्हणून तिच्या इतिहासाला हे तीन प्रश्न विचारून बघू.

चळवळ सुरू करणारे बेडन पॉवेल हे इंग्रजांच्या फौजेतले अधिकारी. १८९९-१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मेफेकिंग गावाला बोअर लोकांनी वेढा घातला. २१७ दिवस वेढा चालला. गावातली माणसं मोर्च्यावर गेल्यावर निरोप नेणं, टेहळणी करणं अशी कामं पोरांकडे आली. पोरांवर खरी जबाबदारी टाकली तर ती निभावतात, हे बेडन पॉवेलांनी तिथे पाहिलं. ते युद्ध साम्राज्याचं होतं आणि ते स्वतः साम्राज्याचे शिपाई होते, हे विसरायचं नाही. त्याचा हिशेब पुढे आपल्या देशात चुकता झाला, तेही सांगते.

ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांनी इंग्लंडजवळच्या ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात बड्या खर्चिक शाळांतली मुलं होती आणि कामकऱ्यांच्या घरातलीही होती. बड्या घरच्या मुलांना एक पौंड फी आणि गावातल्या मुलांना फक्त साडेतीन शिलिंग. त्या वेळी एका पौंडाचे वीस शिलिंग होत, म्हणजे फरक किती ते बघा. ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यायचं, पण तंबूत आणि कामात सगळे सारखे. मुलांचे चार संघ केले, लांडगा, बैल अशी नावं दिली आणि प्रत्येक संघाचा नायक मुलांमधलाच ठेवला. आपल्याकडे आजही पथकात संघ असतात आणि संघनायक असतो, त्याचं मूळ या शिबिरात आहे.

पुढच्याच वर्षी, १९०८ च्या जानेवारीपासून, त्यांचं पुस्तक पंधरा-पंधरा दिवसांनी सहा भागांत निघालं. एका भागाची किंमत चार पेनी, म्हणजे पोरांना खाऊच्या पैशांतून घेता येईल इतकी. पुस्तक वाचून गल्लीबोळातल्या पोरांनी आपापले संघ काढले. कोणी परवानगी मागितली नाही, कोणी संस्था काढली नव्हती. पोरं काठ्या घेऊन रानात फिरू लागली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला एक मोठं माणूस हवं. शिबिराला जायचं तर घरचे विचारणार, बरोबर कोण आहे? जागा हवी तर मालक विचारणार, जबाबदार कोण? मग ती पोरं माणूस शोधत निघाली. ओळखीचे मास्तर, चर्चमधले पाद्री, नोकरी करणारे तरुण, ज्याला गळ घालता येईल त्याला त्यांनी गळ घातली.

मला या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. इथे मोठ्या माणसांनी मुलांना गोळा केलं नाही. मुलं आधी जमली आणि त्यांनी मोठ्या माणसाला बोलावून आणलं. नेता म्हणून येणारा माणूस या कामात पहिल्यापासून पाहुणा आहे. घर मुलांचं आहे.

आता मुलींचं काय झालं ते ऐका. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मोठा मेळावा भरला. अकरा हजारांच्या आसपास मुलं आली. त्यांत काही मुलीही येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पुस्तक त्यांनीही वाचलं होतं, टोप्या आणि स्कार्फ त्यांनीही मिळवले होते. काहींनी तर पूर्ण नाव न लिहिता नुसती आद्याक्षरं लिहून नोंदणी केली होती, म्हणजे मुलगी आहे हे कळू नये. आपल्यातल्या कितीतरी जणींना यात काही नवल वाटणार नाही. मुलींना स्काऊट म्हणून घ्यायला लोक तयार नव्हते, म्हणून १९१० मध्ये त्यांच्यासाठी गर्ल गाईड ही वेगळी संघटना निघाली. बेडन पॉवेलांची बहीण ॲग्नेस तिच्या प्रमुख झाल्या. मुलींच्या पथकाला बाईच नेता हवी असं ठरलं आणि त्यामुळे गाईड कॅप्टन हे बाईचं हक्काचं पद झालं.

पण मुलांच्या पथकात बाई? तो दरवाजा युद्धामुळे उघडला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध लागलं. स्काऊट मास्तर झालेले तरुण फौजेत गेले आणि पथकं पोरकी झाली. त्यातच मोठ्या भावांच्या मागे लागून सात-आठ वर्षांची पोरं येत होती, ‘आम्हालाही घ्या’ म्हणत होती. त्यांना सांभाळायला बायका पुढे आल्या. हर्टफर्ड हीथ नावाच्या गावात व्हेरा बार्कले ही तरुणी असं लहान मुलांचं पथक चालवत होती. स्त्रीला हे काम उत्तम जमतं, असा लेख तिने चळवळीच्या मासिकात लिहिला. १९१६ मध्ये लहान मुलांच्या शाखेला ‘वुल्फ कब’ हे नाव देऊन रीतसर सुरुवात झाली, तेव्हा त्या शाखेचं काम बघायला तिला मुख्यालयात बोलावून घेतलं. कब शाखेची पद्धत बसवण्यात तिचा हात मोठा होता.

कब शाखेची सगळी कल्पना किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधल्या मोगलीच्या गोष्टींवर उभी आहे. मुलं म्हणजे लांडग्याची पिल्लं आणि त्यांचा नेता म्हणजे अकेला, कळपाचा म्होरक्या. इंग्लंडमधली पोरं आपल्या पथकाच्या बाईला ‘अकेला’ म्हणून हाक मारू लागली. शब्द आपल्या ओळखीचा आहे ना? मोगलीचं रान म्हणजे सिवनीचे डोंगर, नागपूरच्या उत्तरेला, आपल्या विदर्भाच्या सीमेपलीकडे. आपल्या शेजारच्या रानातला शब्द विलायतेला गेला आणि तिथल्या बायकांचं पदनाम होऊन बसला.

यातली एक गोष्ट मात्र टोचते. गडी माणसं युद्धावर गेली तेव्हाच बाईला हे जमतं हे लोकांना पटलं. दुष्काळात, आजारपणात, गडी परगावी गेल्यावर घर आणि शेत बाईच चालवते आणि तो परत आला की सातबारा त्याच्या नावावर असतो, हे आपल्याला माहीत आहे. व्हेरा बार्कले आणि तिच्यासारख्या बायकांचं वेगळेपण एवढंच, की युद्ध संपल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. त्यांनी आपलं काम लिहून ठेवलं, पुस्तकं केली, शिकवण्या घेतल्या. त्यामुळे त्यांची जागा टिकली.

हा झाला माझा पहिला प्रश्न, माणूस येतो कुठून. दुसरा प्रश्न, त्याला शिकवतं कोण?

नुसती हौस असून पथक चालत नाही, हे दहा वर्षांत कळून आलं. हौशी माणूस दोन प्रकारे चुकतो. एक तर फौजदारासारखा मुलांना कवायत करायला लावतो, नाही तर सगळं स्वतःच करत बसतो आणि मुलं बघत बसतात. १९१९ मध्ये मॅक्लारेन नावाच्या एका स्कॉटिश स्काऊट आयुक्ताने लंडनजवळची गिलवेल पार्क ही जागा विकत घेऊन चळवळीला दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे मोठ्या माणसांचं पहिलं प्रशिक्षण झालं. त्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. तिथे आलेल्या माणसांचेही संघ केले. त्यांनी तंबू ठोकायचे, चूल पेटवायची, संघनायकाचं ऐकायचं. मुलांनी जे करायचं ते आधी आपण मूल होऊन करायचं. प्रशिक्षण पुरं करणाऱ्याला कातडी दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी मिळत. ते मणी बेडन पॉवेलांनी आफ्रिकेतून आणलेल्या माळेतले होते. ती माळ झुलू राजा दिनुझुलूची, असं सांगितलं जातं. जुने मणी संपल्यावर तसेच नवे करू लागले. त्याला ‘वुड बॅज’ म्हणतात. आपल्या देशात त्याला ‘हिमालय वुड बॅज’ असं नाव आहे. आधी बेसिक, मग ॲडव्हान्स आणि मग हिमालय वुड बॅज, अशा पायऱ्या आजही आहेत. एखाद्या बाईच्या गळ्यात असे दोन मणी दिसले तर समजा, की ती या कामात मुरलेली आहे.

या प्रशिक्षणात शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे हात मागे घेणं. रोलंड फिलिप्स नावाचा एक तरुण लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीत स्काऊटांचं काम करायचा. त्याने संघपद्धतीवर पुस्तक लिहिलं. त्याचा सारांश असा, की संघ हा पथकाचा खरा पाया आहे. सहा-आठ मुलांनी आपला कारभार आपण बघायचा, संघनायकांनी एकत्र बसून पथकाचे निर्णय घ्यायचे आणि मोठ्या माणसाने मदतीला असायचं. जुलै १९१६ मध्ये सोमच्या लढाईत तो मारला गेला, सव्वीस वर्षांचा होता. त्याने सांगितलेली पद्धत मात्र जगभर राहिली.

ऐकायला हे सोपं वाटतं. एक साधं उदाहरण घ्या. पथकात चौकोनी गाठ शिकवतात, तिला रीफ नॉट म्हणतात. ही गाठ सपाट बसते, टोचत नाही, म्हणून जखमेच्या पट्टीला वापरतात. ‘उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर’ असं करत बांधायची. दहा वर्षांची पोर चारदा उलटं बांधते आणि गाठ निसटते. आपल्या हाताला लगेच शिवशिवतं, ‘आण इकडे, मी देते बांधून’. त्या वेळी गप्प बसणं हे गाईड कॅप्टनचं काम. पाचव्या वेळी पोर गाठ बांधते आणि ती तिची होते.

बचत गटातही हेच आहे. लेखिका किंवा समन्वयक सगळ्या जणींची पासबुकं भरते, इतिवृत्त लिहिते, बँकेत जाते. गट वर्षानुवर्षं चालतो. मग तिचं दुसऱ्या गावात लग्न होतं किंवा बदली होते आणि सहा महिन्यांत गट बंद पडतो. ज्या गटात चौथी शिकलेल्या बाईनेही अडखळत का होईना हिशेब लिहिलेला असतो, तो गट तग धरतो. शाळेत ‘खरी कमाई’ नावाचा स्काऊट-गाईडचा उपक्रम होतो. मुलं भेळ करून विकतात, लिंबू सरबत विकतात. आपल्यातल्या किती आया आदल्या रात्री जागून सगळं करून देतात! मुलांनी फक्त पैसे घ्यायचे. मग कमाई खरी कोणाची? शेंगदाणे किती आणले, किती उरले, नफा किती, हे मुलांनाच मांडू दिलं तर भेळेत मीठ कमी पडेल, पण हिशेब त्यांचा असेल.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात पहिलं स्काऊट पथक १९०९ मध्ये बंगळुरूला कॅप्टन बेकर यांनी सुरू केलं. मुलींचं पहिलं गाईड पथक १९११ मध्ये जबलपूरला निघालं. पण ही पथकं युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांची. आपल्या मुलांना त्यांत जागा नव्हती. हिंदी मुलं एकत्र येऊन शिस्त शिकली, रानावनात वाट काढायला शिकली, तर उद्या सरकारवरच उलटतील, ही भीती राज्यकर्त्यांना होती. मुलींची पथकं १९१६ च्या सुमारास हिंदी मुलींना खुली झाली.

तोवर आपली माणसं वाट बघत बसली नव्हती. १९१३ मध्ये श्रीराम बाजपेयी यांनी शहाजहानपूरला हिंदी मुलांचं पथक काढलं. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये इंडियन बॉय स्काऊट असोसिएशन सुरू केली, त्यांना जॉर्ज अरुंडेल यांची साथ होती. बेझंट त्या वेळी सत्तरीला टेकल्या होत्या, होमरूलची चळवळ चालवत होत्या. मुलांच्या या संघटनेमागे एक बाई उभी होती, हे आपण आवर्जून सांगायला हवं. अलाहाबादला १९१७-१८ च्या सुमारास पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. मेळ्यात हरवलेल्यांना घरच्यांपर्यंत पोचवणं, यात्रेकरूंना मदत करणं, अशी कामं त्यांनी केली. हे कुंझरू म्हणजे नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे सभासद आणि पुढे तिचे अध्यक्ष. म्हणजे एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. शिकलेल्या माणसाने आपल्या आयुष्यातला काही भाग देशाच्या कामाला द्यावा, ही गोखल्यांची शिकवण होती. तीच माणसं स्काऊटांची नेतृत्वं करत होती.

१९२१ मध्ये बेडन पॉवेल भारतात आले. बेझंटबाईंची संघटना मुख्य चळवळीत मिसळली, सेवा समिती वेगळीच राहिली. १९३७ मध्ये ते पुन्हा आले, तेव्हा हिंदी लोकांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी उणे उद्गार काढले. त्यावरून संताप उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन निघाली. ज्या माणसाने ही चळवळ काढली त्यालाच आपल्या लोकांनी सांगितलं, की तुमची पद्धत चांगली आहे, ती आम्ही ठेवतो, पण तुमचं मत ठेवणार नाही. साम्राज्याचा हिशेब चुकता झाला म्हटलं ते हेच.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू आणि मौलाना आझाद यांनी लक्ष घातलं. ७ नोव्हेंबर १९५० ला वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट आणि गाईड ही एकच संस्था झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड तिच्यात आल्या. पहिले राष्ट्रीय आयुक्त कुंझरू. पुढे १९६४ पासून १९८३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षं, राष्ट्रीय आयुक्त होत्या लक्ष्मी मजुमदार. मुलं आणि मुली दोघांची ही देशभरची संस्था एका बाईने सांभाळली. १९६९ मध्ये त्यांना ‘ब्राँझ वुल्फ’ हा जागतिक स्काऊट चळवळीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. क्रिस्टल पॅलेसला न बोलावता आलेल्या त्या मुलींपासून इथपर्यंत साठ वर्षं लागली. आणि आपल्या पुण्यात १९६६ पासून ‘संगम’ हे गाईडचं जागतिक केंद्र आहे. जगभरच्या मुली आणि गाईड नेत्या तिथे येऊन राहतात. अशी केंद्रं जगात मोजकीच आहेत.

आता एक अवघड गोष्ट. गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जण पटकन म्हणाली, “ताई, बाईचं फुकटचं काम काय कमी आहे, म्हणून आणखी एक?” तिचं बोलणं खोटं नाही. इंग्लंडमध्ये त्या काळी गाईड कॅप्टन झालेल्या कितीतरी बायकांच्या घरी नोकरचाकर होते. त्यांना रविवार मोकळा होता. आपल्याकडे हे काम बहुतेक शाळेतल्या बाईंच्या गळ्यात पडतं. खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, परीक्षा, आणि वर पथक. मग पथक सव्वीस जानेवारीपुरतं उरलं तर दोष एकट्या बाईंचा नाही.

माझं म्हणणं असं. फुकट काम आणि स्वेच्छेचं काम यांत फरक आहे. जे काम नाही म्हणता येत नाही, ज्याची नोंद होत नाही, ज्यात शिकायला मिळत नाही, ते फुकट काम. स्वेच्छेच्या कामात आपण हो म्हणतो, तास आपण ठरवतो, प्रशिक्षण मिळतं, पद मिळतं आणि थकलो तर सोडता येतं. म्हणून हे काम घेणाऱ्या बाईने आधी घरात वाटणी करून घ्यावी. ती दर शनिवारी दोन तास मैदानावर जाणार असेल, तर त्या दोन तासांचा स्वयंपाक कोणीतरी दुसऱ्याने करावा. प्रवासाचा खर्च शाळेने किंवा पालकांनी उचलावा. ब्राऊनसीची फी आठवा. ज्याची ऐपत आहे त्याने जास्त द्यायचं, हा या चळवळीचा पहिल्या शिबिरापासूनचा रिवाज आहे.

आणि माझा तिसरा प्रश्न, लक्ष कोण ठेवतं? इथे इतिहास फार कडू आहे. मुलं मोठ्या माणसावर विश्वास टाकतात. त्याच्याबरोबर रानात जातात, तंबूत राहतात. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट संस्थेत काही नेत्यांनी त्या विश्वासाचा घात केला. मुलांवर लैंगिक अत्याचार केले. अशा माणसांच्या गुप्त फाइली संस्थेने अनेक दशकं ठेवल्या होत्या. काहींना काढून टाकलं, पण पोलिसांना कळवलं नाही, पालकांना सांगितलं नाही. २०१२ मध्ये ओरेगॉन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून बाराशेहून जास्त फाइली उघड झाल्या. २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. ८२ हजारांवर लोकांनी आपल्यावर अत्याचार झाल्याचे दावे दाखल केले आणि भरपाईची रक्कम दोन अब्ज चाळीस कोटी डॉलरच्या वर गेली.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. संस्थेचं नाव खराब होऊ नये म्हणून गप्प बसणाऱ्या चांगल्या माणसांमुळेही मुलांचं नुकसान होतं, हे त्यातून शिकायचं. तिथे आता नियम आहे, की मुलांच्या कार्यक्रमात एकटा मोठा माणूस असता कामा नये, दोघं हवीतच. आपल्याला हा नियम नवा नाही. गटाची पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी असते. बँकेतून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. पेटी सुरक्षित राहते आणि पेटी ठेवणारीवर आळही येत नाही. पैशाच्या पेटीला आपण दोन किल्ल्या ठेवतो, मग लेकराला एकाच्या भरवशावर का सोडावं?

आपल्याकडे २०१२ पासून पोक्सो कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर असा अत्याचार झाल्याचं ज्याला कळतं, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ हा नंबर शाळेच्या फळ्यावर आणि आपल्या गटाच्या वहीवर लिहून ठेवा.

मैत्रिणींनो, आता कामाचं बोलू. उद्या शाळेत जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. शाळेत पथक आहे का? असेल तर ते कोण चालवतं आणि त्यांना जोडीदार आहे का? शिबिराला मुलं जातात तेव्हा दुसरं मोठं माणूस बरोबर असतं का? जोडीदार नसेल तर आपल्यातल्या एकीने पुढे व्हावं. पहिल्या दिवसापासून कॅप्टन व्हायची गरज नाही. आधी दुसरी किल्ली व्हा. मैदानावर बसा, हजेरी बघा, शिबिराला सोबत जा. मग आवड लागली तर स्काऊट-गाईडच्या जिल्हा कार्यालयात बेसिक प्रशिक्षणाची चौकशी करा. तिथे तुम्हालाही संघात राहावं लागेल, तंबू ठोकावा लागेल, शिट्टीवर धावावं लागेल. ज्या पोरींना वयाच्या सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलं आणि ज्यांचं खेळायचं राहून गेलं, त्यांच्यासाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

पाककृती शिकवणारी, हिशेब शिकवणारी, बँकेत धीटपणे बोलणारी बाई मुलांना गाठ बांधायला शिकवू शकत नाही, असं मला कोणी सांगू नये. पहिल्या कब मास्टर बायकांनाही कोणी आधी शिकवलं नव्हतं. पथकाचं ब्रीद एकच शब्दाचं आहे, ‘तयार’. मुलं तो शब्द रोज म्हणतात. त्यांना उत्तर देणारं कोणीतरी गावात असलं पाहिजे.